रुसणाऱ्यांची खुर्ची

आमच्या घरात रुसून हाती काही लागत नाही. मनवायला कोणी येत नाही; दादा तर नाहीच. लग्नानंतर दोन-चारदा रुसून वहिनीला हा हिशेब कळला आणि तिने खुर्चीच बनवली. साधी लाकडी, पायांना चाकं, पोटात मोटर आणि छोटा कॉम्प्युटर, पाठीत कॅमेरा. समोरून बसायला जा, ती लाजून मागे सरकणार. तिच्याकडे पाठ करून उभे राहा, हळूच येऊन गुडघ्यांमागे टेकणार: बस ना आता!

संग्रहालयाने ती कौतुकाने विकत घेतली. आम्ही नणंद-भावजय बघायला गेलो, तर भोवती मखमली दोर आणि कॅमेऱ्याची वायर काढलेली. तासातासाला खुर्ची एक गिरकी घेते, गप्प होते. लोक फोटो काढून पुढे.

संचालक आले. हसूसुद्धा झिजेल म्हणून जपून ठेवणारा माणूस. "ताई, लोक बसतात हो हिच्यावर."

"खुर्ची आहे ती! बसणारच!"

"आता ती कलाकृती आहे."

"वन्सं, माझी पर्स धरा." वहिनी दोर ओलांडून आत गेली आणि तिने वायर खुपसली.

संचालकांनी तोंड वाकडं करून पाठ फिरवली, रखवालदाराला फोन लावला.

पाठ फिरवली!

खुर्ची निघाली. दोराचे पितळी खांब आडवे पाडत साहेबांच्या गुडघ्यांमागे टेकली. ते धप्पकन बसले. हॉल हसला. ते ताडकन उठून फणकाऱ्याने चालू लागले. दोर फरफटत खुर्ची मागोमाग.

"अहो, नुसतं वळून बघा! थांबेल ती!" वहिनी मागून ओरडली.

ते वळले नाहीत. दार आपटलं. खुर्ची बंद दारावर टकटक करत राहिली.

"बघितलंत?" वहिनी कडाडली. "खुर्ची माझी, आणि मनधरणी या माणसाची!"

हाताची घडी घालून तिने भिंतीकडे तोंड केलं. ती पाठ आमच्या स्वयंपाकघराच्या चांगल्याच ओळखीची. खुर्ची दारापासून वळली, आली, टेकली.

"बसणार नाही," वहिनी भिंतीला म्हणाली. "येऊ दे तिला मागे, रखवालदार मला उचलून नेईपर्यंत."

खुर्ची पुन्हा टेकली. गर्दीतल्या एका आजोबांनीही पाठ फिरवली. "माझाही नंबर लावा."

"यांना नका मनवू," त्यांच्यासोबतच्या आजी म्हणाल्या, "घरी रोजचंच आहे." आणि स्वतःही पाठ करून उभ्या राहिल्या.

रखवालदार धावत आला तेव्हा हॉलभर नुसत्या पाठी होत्या. कोणाला बाहेर काढायचं, हे त्याला समजेना. वहिनी अजून बसली नव्हती.