रुग्णाजवळ कोण आहे

ऑफिसात सगळे त्यांना मावशी म्हणत. अँब्युलन्सच्या फोनवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी जुनं कुणी भेटलं तर मावशीच. आताशा कुणी भेटत नसे, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्या पलंगावरची चादर बदलत होत्या. गादीचा चौथा कोपरा उचलला आणि छातीवर कुणी गुडघा रोवावा तसं झालं. आधी वाटलं, उसण भरली असेल. मग कळ जबड्यापर्यंत चढली, कपाळाला गार घाम सुटला, मळमळायला लागलं. मावशी पलंगाच्या कडेला बसल्या. ही लक्षणं त्यांनी आयुष्यात हजारदा लिहून घेतली होती. स्वतःच्या अंगात ती ओळखायला मात्र चांगली दहा मिनिटं गेली.

त्यांनी फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती.

या कामाची एक रीत असते. फोन करणारा घाबरलेला असतो, रडतो, ओरडतो. त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घ्यायची: पत्ता, वय, काय होतंय, शुद्ध आहे का. मावशींनी हे कितीतरी नव्या मुलामुलींना शिकवलं होतं, एकेकाला दहा-दहा वेळा, न चिडता. आवाज सपाट ठेवायचा. आपण हललो तर समोरचा दुप्पट हलतो. ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की आजही तोच आवाज निघाला.

"रुग्ण स्त्री, वय त्रेसष्ट. छातीत दाब, दहा मिनिटांपासून. जबड्यात कळ, घाम, मळमळ. शुद्धीवर आहे. पत्ता लिहून घ्या." पत्ता, तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

"वा, ताई, किती नीट सांगितलंत!" मुलगी खूश झाली. "लोक नुसते किंचाळतात हो. गाडी निघाली, बारा मिनिटं लागतील. आता त्यांना भिंतीला टेकवून बसवा, दार उघडं ठेवा आणि तुम्ही पटकन खाली जाऊन फाटकाशी उभ्या राहा. तुमच्या भागातली घरं आमच्या ड्रायव्हरला कधी सापडत नाहीत."

"बरं," मावशी म्हणाल्या. आणि खरंच उठल्या.

सूचना आली की ती पाळायची, हेही अंगवळणीच पडलेलं. भिंत धरत त्या दारापर्यंत गेल्या, कडी काढली, दार लोटलं. जिन्याकडे एक पाऊल टाकलं आणि कळ पुन्हा जबड्यापर्यंत चढली. त्या उंबरठ्यावर बसल्या. समोरच्या दाराला कुलूप होतं. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी धुण्याचं मशीन घरघरत होतं.

तेव्हा कुठे त्यांना कळलं, आपण काय करून बसलो ते. रुग्णाजवळ कोण आहे, हे मुलीनं विचारलंच नव्हतं. मावशींनी विचारायला जागाच ठेवली नव्हती. तिच्या पडद्यावर आता 'सोबत नातेवाईक' असं लिहिलेलं असणार. आणि सोबत कुणी असलं, की लाइन मोकळी करायची असते.

"ठेवते हं ताई, दुसरा फोन वाजतोय. काही वाटलं तर परत लावा."

"थांब."

मावशींना पुढचं एकच वाक्य सांगायचं होतं. मुलाचा दर रविवारी फोन यायचा. त्याला त्या सांगत, "शेजारी येऊन-जाऊन असतात रे." दवाखान्याच्या कागदावर जवळची व्यक्ती म्हणून अजून बहिणीचं नाव होतं. बहीण जाऊन वर्ष झालं होतं. ते एक वाक्य त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

"ताई? आहात ना?"

"रुग्ण मीच आहे, बाळा. मी एकटी आहे. घरात दुसरं कुणी नाही."

पलीकडे टायपिंगची टकटक झाली.

"अहो मावशी!" मुलगी भडकलीच. "मग हे आधी नाही का सांगायचं? आणि मी तुम्हाला जिने उतरायला लावत होते! कुठे आहात आता?"

"दारात. बसलेय."

"घरात ऍस्पिरिनची गोळी आहे?"

"आत स्वयंपाकघरात आहे."

"मग राहू दे. तिथून हललात तर माझ्याशी गाठ आहे."

"तुझा दुसरा फोन..."

"तो शेजारचा घेईल. तुम्ही माझ्याशी बोला. घरात झाडंबिडं आहेत का?"

मावशींना ही युक्ती ठाऊक होती. मुलीला झाडांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला श्वास ऐकायचा होता, वाक्य पुरं होतंय का ते बघायचं होतं.

"हे हो-नाहीतच संपेल," मावशी म्हणाल्या. "कुठली झाडं आहेत, असं विचार."

"काय?... बरं बाई. कुठली झाडं आहेत?"

"एकच. खिडकीत आहे. नाव नाही माहीत." कळ पुन्हा आली, ओसरली. "पानं पिवळी पडत होती. मग मी त्याला न्हाणीघराच्या खिडकीत हलवलं. तिथे जगलं."

"थांबू नका, मावशी. कुणी दिलं ते?"

युक्ती असली, तरी असं काही त्यांना कितीतरी महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं.

"बहिणीनं," त्या म्हणाल्या. "त्याची मोठी गंमत आहे. ती ना, बसमधून येताना..."

जिन्यात बूट वाजले. दोन माणसं घडीची खुर्ची घेऊन धापा टाकत वर आली. एकानं मावशींच्या हातातून हलकेच फोन घेतला. "रुग्णापाशी पोचलो," तो म्हणाला आणि फोन बंद झाला. असंच करायचं असतं. मावशींनी हजारो फोन असेच मधेच ठेवले होते. या बाजूनं ते कसं लागतं, हे मात्र आज कळलं.

"गेली ती?" त्यांनी विचारलं.

"कोण, आजी?" मावशींना खुर्चीत बसवून तो पट्टा आवळत होता.

"फोनवरची. माझं सांगणं अर्धंच राहिलं."

"मग मला सांगा की." त्यानं खुर्ची उचलली आणि पाठमोरा पायरी चाचपत जोडीदाराला म्हणाला, "डावीकडे घे, डावीकडे." मग मावशींकडे न बघताच, "हां, बोला. ऐकतोय."

तो ऐकत नव्हता, पायऱ्या मोजत होता. मावशींनी सांगायला सुरुवात केली.