शेवटचा धोटा

इनॉक हेपवर्थने ट्रकच्या फळीवरच्या पिवळ्या धोट्यावर हिरवा रंग फासला आणि कुंचला डब्यावर आपटला. त्यांची ही लष्करी डिव्हिजन यॉर्कशरच्या कापड गिरण्यांच्या मुलखातली, म्हणून निळ्या चौकोनात मागाचा धोटा ही तिची खूण. प्रत्येक गाडीवर, प्रत्येक फलकावर ती इनॉकनेच काढली होती. पण नॉर्मंडीत इतकी माणसं पडली, की वरच्यांनी डिव्हिजनच मोडीत काढली. उरलेल्यांची दुसरीकडे वाटणी होणार होती. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून यापुढे धोटा कुठेही काढायचा नाही, असा हुकूम सकाळीच आला होता.

"हात चालव की," शेजारी बाहीवरचा बिल्ला उसवत बसलेला अर्नी म्हणाला. "आधी रंगवायचं, मग पुसायचं. मजा आहे बुवा तुझी!"

"गप बस, नाहीतर तुलाही हिरवा करीन."

हसू मात्र दोघांनाही आलं नाही. सफरचंदाच्या बागेपलीकडे त्यांच्याच डिव्हिजनमधल्या पोरांची थडगी होती. प्रत्येक क्रुसावर नाव आणि नावाखाली धोटा. फक्त क्लेम हर्स्टच्या क्रुसावर नुसतं नाव होतं. क्लेम म्हणजे इनॉकच्या धाकट्या बहिणीचा नवरा. परवा त्याची गाडी सुरुंगावर गेली, आणि क्रूस तयार झाला तो आज.

इनॉक तडक कॅप्टन रोलन्सनच्या तंबूत शिरला.

"साहेब, एकच धोटा काढू द्या. क्लेमसाठी."

"हुकूम कळला ना तुला?"

"क्लेम गेला तेव्हा डिव्हिजन होती, साहेब. सगळे आपली खूण घेऊन झोपलेत, आणि हा एकटाच उपरा? बहिणीला काय तोंड दाखवू मी?"

कॅप्टनने मान वर केली नाही. "पिवळा आणि निळा रंग इथे जमा कर. कुंचलेही. जा आता."

इनॉकने सगळं आणून त्याच्यासमोर आदळलं. कॅप्टनने ते पेटीत टाकून कुलूप लावलं.

"दगड आहे मेला, दगड!" बाहेर येऊन इनॉक अर्नीला म्हणाला, आणि त्याला रडूच फुटलं. अर्नीने त्याच्यासाठी चहा आणला, पण तो तसाच गार होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी इनॉक क्लेमचा निरोप घ्यायला गेला. क्रुसावर धोटा होता! पण काय त्याचा अवतार! चौकोन तिरका, रंग ओघळलेला, धोटा बटाट्यासारखा फुगलेला. इनॉकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंग अजून ओला होता. निदान कडा तरी सरळ कराव्यात म्हणून त्याने रुमाल काढला, तेवढ्यात ट्रकचा भोंगा वाजला. तो तसाच पळत सुटला.

"अर्न्या, गाढवा, कुणी सांगितला होता तुला हा शहाणपणा?"

"कसला शहाणपणा?"

"क्लेमचा धोटा!"

"मी? अरे, रंग तर साहेबांच्या पेटीत आहेत. किल्ली त्यांच्या गळ्यात."

इनॉकने वळून पाहिलं. कॅप्टन रोलन्सन प्रत्येकाशी हात मिळवत ट्रकपाशी येत होता. इनॉकच्या हातात त्याचा हात आला. नखं पिवळी होती, आणि बाहीच्या टोकालाही पिवळा डाग होता.

इनॉकने पिशवीतून टर्पेंटाइनची बाटली काढून पुढे केली.

"पाण्याने नाही जायचं ते, साहेब."

कॅप्टनचे कान लाल झाले. त्याने बाटली घेतली, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "बरा जमलाय का रे?"

गावात पाट्या रंगवायचा तेव्हा इनॉकने दुसऱ्या कुठल्याही रंगाऱ्याच्या पाटीला कधी बरं म्हटलं नव्हतं.

"झकास जमलाय, साहेब," तो म्हणाला, आणि ट्रकमध्ये चढला.