धरणावरच्या भोंग्याची बोंब

मी धरणावरचा भोंगा बोलतोय. आज आपला हळू बोलतोय. एरवी बोंबलण्यापलीकडे मला काही येत नाही.

कारखान्यात मला पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा कामगार कानात बोटं घालून म्हणाला, "हा मेलेल्यालाही उठवेल!" माझी छाती फुगली. पुढे गाठ जिवंत माणसांशी आहे, हे त्या भल्या माणसाने सांगितलंच नाही.

काम सोपं. धरणाचे दरवाजे उघडताना ओरडायचं, म्हणजे खाली नदीच्या पात्रातली माणसं वर पळतील. पण मी तोंड उघडलं की अख्खं गाव नदीकडे धावतं! "चल गं, पाणी सोडतायत!" म्हणत सासवा, सुना, कडेवरची पोरं, सगळी पुलावर हजर. फुगेवाला तर माझ्याही आधी पोचतो.

त्या दुपारी पुलाच्या खालच्या अंगाला धोबीण आणि तिची सासू होत्या. खडकांवर लोकांच्या चादरी वाळत होत्या. मी ओरडलो, तशा हाताला लागेल ते उचलून दोघी काठावर आल्या.

पुलावर कुणाचे तरी जावईबापू मोबाइल उंच धरून उभे. पुलालगतच्या चौकीतून धरणाचे दरवाजे चालवणाऱ्या दरवाजेवाल्यावर खेकसले, "अहो, बंद करा ते केकाटणं! व्हिडिओत पाण्याचा आवाज यायला नको?"

दरवाजेवाला पडला भिडस्त. दरवाजे उघडलेले, तरी बाबाने माझं बटण बंद केलं.

मी गप्प झालो. सासू म्हणाली, "थांबला बघ. आज नाही सोडत पाणी. राहिलेल्या चादरी घेऊन येते."

"अहो आई, जाऊ द्या त्या!"

"जाऊ द्या काय? बोलणी कोण खाणार, तुझा बाप?" म्हणत ती उतरलीच.

पुलाखालून पाणी आलं. वर काय तो जल्लोष! म्हातारी मदतीसाठी हात हलवत होती, तर लोकांनीही हौसेने हात हलवले. शेवटी सुनेने पदर खोचून उडी घेतली आणि सासूला दंडाला धरून ओढून काढलं. चादरी गेल्या. व्हिडिओ मात्र झकास आला म्हणे.

मग साहेब आले, चौकशी झाली, चहापाणी झालं. ठरलं काय, तर बघ्यांसाठी पुलाला उंच कठडे. आणि माझा आवाज थोडा कमी.

सासू पुन्हा पात्रात कपडे धुते. सुनेला बजावते, "त्या भोंग्याचं मला सांगूच नकोस. पुलावर माणसं जमली, की गाठोडं बांधायचं."

तेव्हा मायबाप हो, आता माझी तक्रार नाही. मी ओरडलो की जरूर या, चांगली गर्दी करा. खाली कुणीतरी तुमच्याकडे बघून जीव वाचवत असतं.