कोटागिरीला मुलं चालत नाहीत

"तिकीट नाही भेटलं म्हणून सांगा न त्यांना," राकेश म्हणाला. "तुमचं ऐकतात ते."

माझा घास हातातच राहिला. माझा मुलगा मला त्याच्या मुलांशी खोटं बोलायला सांगत होता, आणि तेही वरणावर तूप वाढून घेता घेता. रविवारची दुपार होती. मुलं खाली गल्लीत खेळत होती.

"आणि खरंच नाही भेटलं?" मी विचारलं.

"भेटलं न. आमच्या दोघांचं. विमानाचं." त्याने बायकोकडे पाहिलं. नीलिमा ताटाकडे पाहत होती. "बाबा, ते हॉटेल शांतता पाहिजे असलेल्या लोकांसाठी आहे. बारा वर्षांखालचे पोट्टे तिथं चालतच नाही."

"कुठलं हॉटेल?"

"कोटागिरीचं."

हे नाव या घरात कोणी आणलं ते सांगितल्याशिवाय माझा राग कोणाला समजणार नाही.

दिवाळीत राकेशनेच मुलांना सांगितलं होतं, "उन्हाळ्यात दक्षिणेत पहाडावर जाऊ, सगळे. तुम्ही आजोबांसोबत प्लॅन बनवा. मी फक्त तिकीट काढीन." त्याचं ऑफिस नव्या रायपूरला. सकाळी जातो, अंधार पडल्यावर येतो. त्याला वेळ नव्हता, मला होता. मी जन्मभर पाचवीच्या वर्गाला शिकवलं. असा धडा आयता हातात आल्यावर मी कसा सोडणार?

पुढच्या खोलीच्या फरशीवर आम्ही खडूने नकाशा काढला. दाराचा उंबरठा म्हणजे रायपूर. तिथून कोरब्याहून येणाऱ्या केरळच्या गाडीचा रस्ता : दुर्ग, गोंदिया, नागपूर, बल्लारशा, वारंगळ, विजयवाडा, चेन्नई, सेलम, कोइंबतूर. स्वयंपाकघराच्या दाराशी दोन पाट एकावर एक ठेवले, ते निलगिरी. काडेपेटीची आगगाडी केली. वनमाला, माझी बायको, साडी उचलून नकाशाला वळसा घालायची आणि झाडताना म्हणायची, "विजयवाड्याचा केर राहिला हो तुमचा."

कुठल्या पहाडावर जायचं, हे देवश्रीने ठरवलं. दहा वर्षांची आहे ती. चार दिवस माझ्यासोबत वाचून, विचारून तिने निकाल दिला. "उटी में बहुत भीड़ है. कुन्नूर में थोड़ी कम. कोटागिरी सबसे शांत. आजीला हॉर्न सहन नाही होत न." आमच्या रायपुरातल्या बूढापाऱ्याच्या गल्लीत दिवसभर स्कूटरचे हॉर्न वाजतात आणि वनमालाचं डोकं दुखतं, हे त्या पोरीने लक्षात ठेवलं होतं. सात वर्षांच्या अनिमेषने फक्त वरची बर्थ मागितली. नागपूरची माझी बहीण प्रेमला स्टेशनवर पोळ्या, वांग्याची भाजी आणि संत्राबर्फी घेऊन उभी राहणार होती. तिला फोन करून मुलांनीच ते पक्कं केलं होतं.

आणि आता ते गाव मुलांना सोडून त्यांच्या आईबापांनी घेतलं होतं.

"शांतता पाह्यजे न तुले?" मी राकेशला म्हटलं. "मग रविवारी तुझ्या ऑफिससमोर खुर्ची टाकून बस. त्या रस्त्यावर कुत्रंही भुंकत नाही."

वनमालाला हसू आलं, पण तिने ते गिळलं.

"बाबा, तुम्ही समजून नाही राहिले..."

नीलिमाने मान वर केली. "मी बोलते. देवश्री झाली तेव्हापासून मी एकदा पण पूर्ण झोपली नाही, बाबा. चार दिवस मागितले तर गुन्हा झाला काय?"

"नाही झाला," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. "जा तुम्ही दोघं. चार काय, आठ दिवस जा. पोट्टे आम्ही पाहतो. पण मग त्यांना प्लॅन करायला काहून लावला? आणि जायचं तर दुसरीकडे जा. त्यांनी शोधलेलं गाव काहून उचललं?"

"गाव काय कोणाच्या नावावर आहे काय?" राकेश उसळला.

मी आवाज चढवत नाही. चिडलो की हळू बोलतो, आणि राकेशला हे लहानपणापासून ठाऊक आहे. मी हळूच म्हणालो, "तू बाप आहेस, तू सांग. मी खोटं सांगणार नाही. तू खोटं सांगितलंस आणि त्यांनी मला विचारलं, तर हो म्हणणार नाही."

त्याने सांगितलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. उशिरा यायचा, जेवायचा, मोबाइल घेऊन आत जायचा. इकडे काडेपेटी रोज संध्याकाळी एक स्टेशन पुढे सरकत होती. वारंगळला अनिमेषने विचारलं, "आजोबा, वहां इडली मिलेगी?" मी म्हणालो, मिळते. तेवढं खरं होतं.

वनमाला म्हणाली, "अहो, सांगून टाका न. नाहीतर मी सांगते."

"तू थांब. हा त्याचा धडा आहे."

शनिवारी राकेश उजेडीच घरी आला. काडेपेटी सेलमला उभी होती. तो बूट न काढता आत शिरला आणि त्याचा पाय बल्लारशावर पडला.

"पापा, पैर!" अनिमेष ओरडला. मग लगेच, "पापा, ऊपर वाली बर्थ मेरी है ना?"

राकेशने माझ्याकडे पाहिलं. मी खडूची पूड झटकत बसून राहिलो.

"बेटा, टिकट नहीं मिला," तो म्हणाला.

"वेटिंग भी नहीं?" देवश्रीने विचारलं. वेटिंग म्हणजे काय, ते मीच तिला शिकवलं होतं.

"नहीं."

ती माझ्याकडे वळली. "आजोबा, खरंच?"

वर्गात मी मुलांना सांगायचो, शंका आली तर विचारा, मी खरं सांगेन. म्हणालो, "नाही. तुझ्या पप्पांना पुन्हा विचार."

राकेशचा चेहरा लाल झाला. "बाबा, काय करून राहिले तुम्ही?"

"वाट पाहून राहिलो."

स्वयंपाकघराच्या दारात, निलगिरीच्या पलीकडे, नीलिमा उभी होती. तीच बोलली. "मी आणि पप्पा जाणार आहोत. दोघंच. त्या हॉटेलमध्ये मुलं चालत नाहीत."

"कहां?"

"कोटागिरी."

देवश्रीने नकाशाकडे पाहिलं, मग बापाकडे. "पूरे कोटागिरी में बच्चे अलाऊड नहीं हैं?"

"नहीं, बस उस होटल में."

"तो दूसरा होटल क्यों नहीं लिया?"

बाहेर कोणीतरी हॉर्नवरून हात काढत नव्हतं.

देवश्री उठली. तिने पाट उचलून भिंतीला लावले. अनिमेषने सेलमहून काडेपेटी उचलली आणि खिशात घातली. राकेश खाली बसला, एकदाचे बूट काढले आणि नरम आवाजात म्हणाला, "अच्छा, इधर आ. दूसरा होटल देखते हैं. तूने कौन सा देखा था?"

"नहीं बताऊंगी."

"देवू..."

"आप ढूंढो. हमने भी ढूंढा था."

ती आत गेली. अनिमेष तिच्या मागे गेला. राकेश माझ्याकडे वळला. "बाबा, समजवा न तिला. तुम्हालेच जमते."

मला जमतं. रुसलेल्या पोराच्या शेजारी बसून त्याला बोलतं करणं, यातच माझा जन्म गेला. मी उठलो, खडूचा तुकडा राकेशच्या हातात दिला आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसलो.

"आधी बल्लारशा नीट कर," मी म्हणालो. "पुसलंस तू."