पाठीवरची काठी

मालिनीने पदर खोचला आणि काठी पाठीमागे उभी धरली, एक हात मानेशी, एक कमरेशी.

"डोकं, खांदे, माकडहाड," चार हात लांबून महिपत म्हणाला. "तिन्ही जागी काठी टेकली पायजे. आता बूड मागं न्या, वयनी."

पडवीच्या पायरीवर मैनाला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाई मोठ्याने खोकल्या.

"काकी, बुडाला दुसरा शब्द नाय," महिपत म्हणाला.

गिरणीच्या संपानंतर महिपत मुंबईहून परतला, तो मालिनीच्या घरच्या आंब्याच्या कलमांचं बघू लागला. येताना व्यायामशाळेतली एक लोखंडी दांडी तेवढी घेऊन आला होता. वजनाचे गट्टे त्याने इथेच डालडाच्या डब्यांत सिमेंट ओतून केले.

मैना महिन्याची असताना तिला चटईवरून उचलायला मालिनी वाकली आणि कंबर धरून तशीच अडकली. डॉक्टरांनी मूल उचलायला बंदी केली. त्याला आठ महिने झाले. सासूबाई उचलून द्यायच्या, ती मांडीवर घ्यायची. मैना रडली की हात आजीकडेच करायची. अलीकडे डॉक्टर म्हणाले, हळूहळू उचला. कसं, ते म्हणाले नाहीत.

म्हणून महिपत. दीड महिना नुसती काठी, मग रिकामी दांडी. आज दोन्ही टोकांना गट्टे. मैनाला हातावर तोलून त्यानेच अंदाज बांधला होता.

"ह्या मैनाताय आन् वर थोडं."

मालिनीने दांडी नडग्यांना लागून घेतली. पाठ सरळ. श्वास भरला, आवळला. टाचांनी जमीन दाबली. दांडी मांड्यांना घासत वर आली. कंबर गप्प होती.

"हां," महिपत म्हणाला. याहून मोठी शाबासकी त्याच्याकडे नव्हती.

तिने दांडी तशीच खाली टेकवली. एवढ्यात मैना मांडीवरून सुटली, रांगत अंगणात आली आणि रडू लागली. सवयीने तिने आजीकडे हात केले. सासूबाई उठल्या नाहीत.

मालिनी गेली. पावलं लेकीच्या दोन्ही बाजूंना. पाठ सरळ. श्वास.

मैना वर आली. रडायची थांबली आणि आईच्या कानातली कुडी ओढू लागली.

महिपत उगाच गट्टे पुसत राहिला.

मालिनीने पडवीकडे पाहिलं. सासूबाई आता खांबाला धरून उठत होत्या. अर्ध्यात थांबल्या, कमरेवर हात दाबला, ओठ मिटले, मग उरलेलं उठल्या. मालिनीने त्यांना असं उठताना कधी पाहिलंच नव्हतं.

लेक कडेवर घेऊनच ती काठी उचलायला खाली गेली, पाठ सरळ ठेवून. काठी तिने सासूबाईंसमोर धरली.

"आई, डोकं, खांदे, माकडहाड."

"अगो, मला कशाला आता…" म्हणत त्यांनी ती घेतली. महिपतकडे एकदा बघून हळूच म्हणाल्या,

"तो शब्द मात्र तू म्हणू नकोस हो."