आठ फुटी बोर्डाचा अर्ज

पस्तीस वर्षं बेळगावच्या कोर्टात वकिली केली, बऱ्याच केसेस हरलो. पण स्वतःसाठी म्हणून केलेला पहिला अर्ज ज्या थाटात हरलो, तसं एकही प्रकरण हरलो नव्हतो.

आमची सून ऋचा फिजिओथेरपिस्ट. अनगोळातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माझं ऑफिस होतं. गेल्या वर्षी तिथं तिनं दवाखाना सुरू केला. बोर्डाचा विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, "ते माझ्यावर सोड." तिनं सोडलं. तिची चूक एवढीच.

चौकशी केली तर कळलं, आमची गल्ली राहत्या वस्तीत मोडते, तिथं घरावर तीन फुटांहून लांब बोर्ड चालत नाही. मला आठ फुटांचा हवा होता. कशाला, ते मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. नियमातून सूट मिळावी म्हणून पालिकेकडं अर्ज केला, तोही शुद्ध कन्नडमध्ये, सहा पानांचा. मच्छे, जांबोटी अशा आसपासच्या गावांहून गुडघे धरून येणारे वृद्ध रुग्ण घर न सापडल्यामुळं गल्लोगल्ली कसे भटकतात, याचं वर्णन करताना माझेच डोळे भरून आले. प्रत्यक्षात भटकलेला एकही रुग्ण मी पाहिला नव्हता. सातव्या पानावर बोर्डाचा नकाशा जोडला.

पंधरा दिवसांनी पाहणीला इंजिनियर मॅडम आल्या. मी काळा कोट घालून दारात उभा होतो. निवृत्त होऊन चार वर्षं झालेली, बटण काही लागेना.

"घर सापडायला त्रास झाला असेल," मी आशेनं म्हणालो.

"तुमचं नाव सांगून कोपऱ्यावर विचारलं सर, कुणालाच माहीत नाही," मॅडम कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "मग डॉक्टर म्हटलं, तर हे थेट घेऊनच आले री."

त्यांच्या मागं कोपऱ्यावरचा पानवाला भावकू उभा होता. वीस वर्षं मी त्याच्याकडून सुपारी घेतो.

"माझा खांदा वर जात न्हवता, मॅडम. ऋचाआक्कानं बरा केला बघा," तो हात वर करून दाखवत म्हणाला. "सगळ्या गल्लीला ठावं हाय ह्ये घर." मग माझ्याकडं वळून, "वकीलसायेब, तुमचं नाव राघवेंद्र व्हय? लई झाक हाय की!"

माझी सहा पानं तिथंच निकालात निघाली. मॅडमनी सातवं उघडलं. तेवढ्यात ऋचा हात पुसत बाहेर आली आणि तिनंही डोकावून पाहिलं. नकाशा तिला मी दाखवलाच नव्हता. वर दीड फुटी अक्षरांत 'ॲडव्होकेट राघवेंद्र हुद्दार यांच्या निवासस्थानी', खाली माझ्या पदव्या, सगळं दोन्ही भाषांत. ऋचाचं नाव कोपऱ्यात, फोन नंबराच्या शेजारी.

"सर, दवाखाना कशाचा आहे?" मॅडमनी विचारलं. त्यांचा प्रश्न सरळ होता. नकाशात ते कुठंच नव्हतं.

कोर्टात अशा वेळी मी पुढची तारीख मागत असे.

ऋचानं कोपऱ्यातल्या आपल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आप्पा, मला तीन फूट पुरतात."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. खोली रिकामी करताना मी "घे पोरी, तुझंच आहे सगळं," असं तोंड भरून म्हणालो होतो. पण दारावरची माझी पाटी उतरवून कपाटात ठेवताना कुणी बघू नये म्हणून खोलीचं दार लावून घेतलं होतं. आठ फूट हवे होते ते मला.

"अर्ज मागे घेतो," मी म्हणालो आणि कारणांसह निवेदन लिहायला बसलो. अर्धं पान भरल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, साकु. एक ओळ पुरे."

तो कागद फाडला आणि एका ओळीत मोकळा झालो. ऋचानं आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला. मला कपात साखर कमी लागते, हे ती त्या दिवशीही विसरली नाही.

पुढच्या आठवड्यात बोर्ड आला. वर कन्नड, खाली मराठी, मधे तिचं नाव ठळक. भावकू शिडीवर चढला. मी खालून "डावीकडं घे, अजून डावीकडं," असं सांगत होतो. तो ऋचाच्या खुणेकडं बघून उजवीकडं सरकवत होता.

बोर्ड अगदी सरळ बसला.