मायाक्का पास करंल तवा

पंच्याहत्तर साली आमच्या गिरनीत कंपुटर बसला आन माजा संसार इस्कटला. आता हसू येतंय, पर तवा मी त्या यंत्राला रोज शिव्या घालायचो. सोलापुरात नवलाई झाली म्हनून लोक गेटावर बगाया यायचं, त्यास्नी बी घालायचो.

झालं काय, आदी पाळ्या टाइमकीपर हातानं लावायचा. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रातपाळी, समद्यांची फिरती. मग म्यानेजरसायबानं हुकूम काढला की आता कंपुटर छापंल तीच पाळी, त्यात कुनी बोट घालायचं न्हाय. भोकं पाडल्याली कार्डं यंत्रात घालायची आन भाईर पाळ्यांचा कागद येनार. आला बी. पर आमचा साचेखात्यातला गट, म्हंजी साच्यावर कापड विननारं आमी, दुपारपाळीलाच चिकटलो. आठवड्यावर आठवडं गेलं, आमची पाळी काय हालंना.

दुपारपाळी म्हंजी रात्री बाराला सुटायचं. माजी बायको मायाक्का त्याच कंपुटरखात्यात, दिवसाची. मी घरी यायचो तवा ती निजल्याली. सकाळी ती पानी भरून, भाकऱ्या थापून जायची तवा मी घोरत पडल्याला. किती येळा म्हनलो, जाताना उठव की मला. कदी उठवलं न्हाय. तिची सुट्टी रईवारी, माजी बुधवारी. लगनाला अजून वरीस झालं न्हवतं, आन बायकोसंगं दोन शब्द बोलाया मला कामावर जाता जाता कंपुटरखात्याच्या खिडकीत हुबं ऱ्हावं लागायचं.

तुमी म्हनाल, बायकोच आत बसलीया, मग नवऱ्याची पाळी बदलाया काय अवगड? दिव्याखाली अंदार, दुसरं काय. यंत्राचा प्रोग्राम लिवनारा शिवपुत्र, अक्कलकोटचा पोरगा. डोकं झकास, पर हात लई उतावळा. सुरवातीला त्यानं एक दुरुस्ती केली आन त्याच दिशी चालू करून टाकली. दुसऱ्या दिशी पाळीवर जाऊन बगतोय तर एका साच्यावर दोन गडी हुबं आन शेजारचा साचा मोकळा. म्यानेजर असा तापला की त्यानं चाचनीचं समदं काम मायाक्काच्या गळ्यात घातलं. ती माळशिरसाकडची, मॅट्रिक झाल्याली. एकदा न्हाय म्हनली की तिचा बा बी तिला हालवू शकायचा न्हाय, मग म्यानेजरची काय कथा.

तिनं नेमच घालून दिला. दुरुस्ती म्हैन्याला एकच, ती बी रईवारी, हापिस बंद असताना. त्याच्या आदी मागच्या म्हैन्याची कार्डं नव्या प्रोग्राममधनं चालवायची, आन भाईर आलेला कागद ती सोता ओळीनं तपासनार. ती पास करंल तवाच दुरुस्ती लागू. पयला नंबर बायांचा, कारन यंत्रानं त्यास्नी रातपाळी लावलीती आन ती कायद्यात बसत न्हाय. मग कापडाच्या घड्या घालनारं घडीखातं. आमी त्यांच्या मागं. खिडकीत मी गयावया केली की म्हनायची, रांगंत ऱ्हावा. घरचं मानूस पुडं घेतलं तर उद्या गिरनीत माजं कोन ऐकंल, असं वर मलाच इचारायची.

एकदाचा आमचा नंबर आला. शिवपुत्रनं खिडकीतनंच सांगिटलं, काम फत्ते. गटातल्या गड्यांनी पेढं सुदीक आनलं. आन मायाक्कानं दुरुस्ती अडवली.

मी तडक खिडकीवर गेलो. ती म्हनली, पाळी आता फिरतीया, पर तुमची रातपाळी सोमवारी सकाळी संपतीया आन यंत्र त्याच सकाळी तुमाला परत सकाळपाळी लावतंय. म्हंजी रातभर साचा चालवायचा आन घरी न जाता तितंच हुबं ऱ्हायाचं. मी म्हनलो, सोसू की एक दिस. समदा गट तयार हाय, तू फकस्त व्हय म्हन. शिवपुत्र बी माज्याच बाजूनं बोलला, पुडच्या म्हैन्यात सुदारू म्हनला.

ती म्हनली, “झोपंत साच्यात हात गेला, तर त्यो तुमचा असंल. म्हनून तर सकाळी मी तुमाला उठवत न्हाय.”

तरी माजा राग काय जाईना. शेजारच्या साच्यावरचा भीमा मला बायकोचा बैल म्हनला, तेबी गिळलं. मी अबोला धरला. आता अबोला धरायला बी मानूस भेटाया तर पायजे! दोन दिस खिडकी चुकवून गेलो, तिसऱ्या दिशी पाय आपसूक तिकडंच वळलं. ती हसली मेली, आन माजा राग तितंच सपला.

शिवपुत्रनं मग आमची सुट्टी बुधवारची काढून रातपाळी सपल्यावर सोमवारी घातली. मायाक्कानं परत समदी कार्डं चालवली, आन म्हैन्यानं दुरुस्ती पास झाली. पयला आठवडा सकाळपाळीचा. सांजच्याला ती घरी आली तवा मी चूल पेटवून बसलोतो. बोलायचं इतकं साटलंवतं की दोगं बी एकदमच सुरू झालो, आन कुनाचं काय ऐकू येईना.

दुपारपाळी बी झाली. मग रातपाळीचा आठवडा आला आन सरला. सोमवारी सकाळी भोंगा झाला, आमी साचं दुसऱ्या गटाच्या हवाली केलं आन डोळं चोळत निगालो. गेटापाशी मायाक्का हुबी. तिचं हापिस उगडायला लई येळ व्हता. ती आमच्या गटाचा एकेक गडी भाईर पडताना बगत व्हती. भीमा गेला, बाकीचं गेलं, मी मागनं आलो. तिच्या डोळ्यात पानी व्हतं.

मी म्हनलो, “अगं, कागद तर तू कवाच पास केलास की.”

“कागद केला,” ती म्हनली. “तुमी कुटं भाईर आलावता?”

आत जानारं, भाईर येनारं समदं बगत व्हतं. आमच्यात असं कुनी करत न्हाय, पर मी तितंच तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला न्हाय.